विश्लेषण : पावसाळ्यात जुन्या मोटारीचा हँडब्रेक का अडकतो? जोर लावून गाडी का काढू नये?

वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाताना पासली लागते. जुलैमध्ये इथे पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. भातलावणी चालू असते, माणसे चिखलात असतात आणि अंगणातली गाडी कोणी हलवत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांची मारुती ८०० अशीच पाच दिवस उभी होती. गाडीचे वय १८ वर्षे. सहाव्या दिवशी पहाटे मामींचा ताप उतरेना म्हणून वेल्ह्याला डॉक्टरकडे न्यायचे ठरले. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. हँडब्रेक खाली केला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीचा मागचा भाग खाली दबला आणि इंजिन बंद पडले. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग मी शहरी माणूस जे करतो ते केले. रेस वाढवली. क्लच जळल्याचा वास अंगणभर पसरला तेव्हा शेजारचे जीपवाले काका धावत आले. ‘‘पाव्हणं, रेस नका देऊ. डावं मागचं चाक धरलंय, नुसतं घासतंय.’’

मामी त्यांच्याच जीपमधून गेल्या. मारुती दुपारी सुटली. त्या दिवशी घरात सगळा दोष गाडीच्या वयाला दिला गेला. तो अर्धाच खरा आहे. पावसात भिजलेल्या ड्रमवर पाच दिवस हँडब्रेक ओढून ठेवला तर पाच वर्षांची गाडीही अशीच वागू शकते. प्रश्न गाडीच्या वयापेक्षा आपल्या सवयीचा अधिक आहे आणि ज्या गावात रात्री-अपरात्री तीच एक जुनी गाडी रुग्णवाहिकेचे काम करते, तिथे ही सवय महागात पडते.

हँडब्रेक नेमके काय करतो?

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. हँडब्रेक मात्र जुन्या मोटारींत निव्वळ तारेवर चालतो. दोन आसनांमधला लिव्हर वर ओढला की गाडीच्या पोटाखालून गेलेली पोलादी तार, म्हणजे केबल, ताणली जाते. तिच्या दोन शाखा मागच्या दोन चाकांकडे जातात. मारुती ८००, ऑल्टो, पिंपरीची इंडिका, ओम्नी या सगळ्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे भांडे. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात आणि शूवर लायनर चिकटवलेले असते. केबल ओढली गेली की आतली एक छोटी पट्टी दोन्ही शू बाहेरच्या बाजूला ढकलते, लायनर ड्रमला आतून टेकते आणि चाक धरले जाते.

लिव्हर खाली केला की केबल सैल होते. शूंना मागे ओढण्याचे काम मात्र लिव्हर करत नाही. ते आतल्या स्प्रिंग करतात. सगळी गोम इथे आहे. लावताना माणसाच्या दंडाची ताकद असते, सोडताना फक्त स्प्रिंगची. शूला किंचित मागे घेण्यापुरतीच ती स्प्रिंग बनवलेली असते. मधे गंज आला तर तो तोडण्याची ताकद तिच्यात नसते.

मग अडकते काय?

बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट. पहिली म्हणजे लायनर ड्रमला चिकटते. पावसातून, ओढ्याच्या पाण्यातून किंवा नुसती धुऊन आणलेली गाडी उभी केली की ड्रमच्या आत ओल राहते. उघड्या बिडावर एका रात्रीतही तांबूस थर चढतो. रोज चालणाऱ्या गाडीत तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. पण लायनर ड्रमला घट्ट दाबून ठेवले असेल तर गंज दोघांच्या मधे वाढतो आणि डिंकासारखे काम करतो. मामांच्या गाडीला हेच झाले होते.

दुसरी गोष्ट केबलची. ही तार एका नळीवजा आवरणातून जाते आणि त्या आवरणाच्या टोकांना रबरी टोप्या असतात. जुन्या गाडीत त्या टोप्या फाटतात, आवरणाला खडी लागून चीर पडते, आत पाणी आणि माती शिरते. लिव्हर ओढताना तार जाते, परत येताना गंजावर अडते. तिसरी गोष्ट लिव्हरचीच आहे. ज्या दातेरी पट्टीवर तो ‘कट कट’ करत चढतो, तिथली खिटी कधी कधी दातात घट्ट बसते आणि बटण दाबले जात नाही. हा प्रकार सर्वांत सोपा. बटणावर जोर न लावता लिव्हर आधी किंचित आणखी वर ओढायचा, मग बटण दाबायचे आणि खाली न्यायचे.

थंड मुलुखात या यादीत बर्फाची भर पडते. केबलमध्ये शिरलेले पाणी रात्री गोठते, म्हणून कडाक्याच्या थंडीत तिथले अनेक जण सपाट जागी हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवतात. आपल्याकडे बर्फाची जागा गंजाने घेतली आहे, आणि बर्फ निदान ऊन आले की वितळतो.

दोष कुठे आहे हे कसे ओळखावे?

लिव्हर हातालाच सांगतो. तो खाली येतच नसेल तर दोष दातेरी पट्टीत. तो लुळा पडल्यासारखा, काहीही ताण न जाणवता खाली आला असेल आणि गाडी तरी हलत नसेल, तर तार परतलेली नाही किंवा लायनर चिकटले आहे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला याचा अर्थ लिव्हर खाली आला इतकाच असतो. चाक सुटले की नाही हे त्या दिव्याला कळत नाही.

दुसऱ्या माणसाला गाडीच्या बाजूला, पण पुढे-मागे नव्हे, उभे करा आणि मागच्या चाकांकडे पाहायला सांगा. हे फार महत्त्वाचे आहे. मारुती, ऑल्टो, इंडिका यांचे इंजिन पुढची चाके फिरवते. चिखलाच्या अंगणात अडकलेले मागचे चाक न फिरता नुसते घसरत येते आणि आत बसलेल्याला वाटते की गाडी सुटली. ओम्नी, सुमो किंवा जीपमध्ये उलटे होते. मागचे एक चाक अडकले तर मोकळे असलेले दुसरे चाक जागच्या जागी फिरू लागते आणि माणूस चिखलाला शिव्या देतो.

सोडवायचा कसा?

आधी घाई बाजूला ठेवावी आणि गाडी सपाट जागेवर आहे का ते पाहावे. उतारावर असेल तर ब्रेक ज्या क्षणी सुटेल त्या क्षणी गाडी निघेल, म्हणून उताराच्या बाजूने पण चाकापासून वीतभर अंतरावर दगड ठेवावा. गाडीसमोर किंवा मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी राहू नयेत.

मग इंजिन सुरू करून पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा नीट दाबून सोडावा. हँडब्रेकही पूर्ण ओढून पूर्ण सोडावा, असे दहा-बारा वेळा. शू थोडे हलले तरी गंजाचा थर तडकतो. त्यानंतर पहिला गिअर टाकून क्लच हळूच अर्ध्यापर्यंत सोडावा, गाडी दबली की लगेच क्लच पुन्हा दाबावा. मग रिव्हर्स टाकून तेच. पुढे न सुटलेले चाक मागे जाताना अनेकदा सुटते. ‘खट्’ असा आवाज आला की समजावे. रेस इथे नावापुरती द्यायची. पाच-सहा प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे. पुढचा प्रत्येक प्रयत्न क्लच प्लेट खातो आणि तिचा खर्च हँडब्रेकच्या दुरुस्तीपेक्षा बराच मोठा असतो.

यानंतरचे काम चाक काढून करायचे. ते येत नसेल तर मेकॅनिकला बोलवावे, त्यात कमीपणा नाही. येत असेल तरी एक गोष्ट विसरू नये. मागचे चाक जॅकवर घेताना हँडब्रेकचा आधार नसतो, कारण तो मागच्याच चाकांना आहे. पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. ओम्नी, सुमो, जीपमध्ये मागचे एक चाक उचलले की गिअरचा आधारही जातो आणि गाडी केवळ दगडांवर उभी राहते. जॅकवरच्या गाडीखाली डोके घालणे तर कोणत्याही गाडीत नको.

चाक काढल्यावर ड्रमच्या गोलाईवर लाकडी हातोडीने, फिरत-फिरत, मध्यम ठोके द्यावेत. लोखंडी हातोडीच असेल तर मधे लाकडाचा तुकडा धरावा. बीड ठिसूळ असते, कडेवर मारलेला एक घाव त्याचा टवका काढतो. अनेक ड्रमवर दोन आटे असलेली भोके दिसतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळत गेले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. हे माहीत नसल्याने कितीतरी ड्रम ठोकून फोडले गेले आहेत.

आता गावाकडचा आवडता उपाय. डिझेल किंवा रॉकेल ओता, सुटेल. बाहेरून केबलच्या टोकाला गंज सोडवणारे तेल लावले तर हरकत नाही. पण ड्रमच्या आत तेल गेले की लायनर ते पिते. मग तो ब्रेक सुटतो खरा, पण नंतर लागतही नाही. आणि हे कळते ते घाटातल्या उतारावर. लायनरला तेल लागलेच असेल तर ते पुसून भागत नाही, लायनर बदलावे लागते. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ तोंडाने फुंकण्याची मेकॅनिक मंडळींची सवयही मोडायला हवी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावे, फडके टाकून द्यावे.

ओढून नेले तर काय बिघडते?

‘थोडे घासेल, मग आपोआप सुटेल’ हे वाक्य मी पासलीत ऐकले आणि पुण्यातही. कधी कधी ते खरे ठरते, म्हणून तर ते टिकून आहे. पण अर्धवट सुटलेला ब्रेक घेऊन नसरापूरकडे किंवा पाबे घाटाने खानापूरकडे निघालेल्या गाडीत काय होते ते पाहा. लायनर सतत घासते, ड्रम तापतो, उष्णता चाकातल्या सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हे तेल हवेतला दमटपणा शोषून घेते आणि पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. जुन्या गाडीतले तेल किती वर्षांपूर्वी बदलले हे बहुतेक मालकांना आठवत नाही. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पायाचा ब्रेक स्पंजासारखा खाली जातो. म्हणजे हँडब्रेक अडकलेली गाडी शेवटी ब्रेक नसलेली गाडी होते.

म्हणून सुटल्यासारखी वाटलेली गाडी एक-दोन किलोमीटर हळू चालवून थांबावे आणि चारही चाकांजवळ तळहात न्यावा. चाकाला हात लावू नये, भाजते. मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते अजून घासत आहे. तशी गाडी घाटात घालू नये. घरात आजारी माणूस असेल तर अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि त्याच वेळी शेजारच्याचे दारही वाजवावे. आमच्या घरी ते शहाणपण शेजाऱ्याने दाखवले, आम्ही नाही.

मग हँडब्रेक लावायचाच नाही का?

इथे माझे अनेकांशी मतभेद होतात. एकदा अडकला की काही जण हँडब्रेक सोडूनच देतात. मामांना गॅरेजमध्ये सुचवलेला उपायही तोच होता. केबल काढून टाकू, नाही तरी कोण वापरतो? हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय उलट परिणामाचा आहे. न वापरलेली केबल आवरणात एकाच जागी बसून गंजते आणि ज्या दिवशी खरोखर गरज पडते त्या दिवशी एक तर ओढली जात नाही किंवा ओढली तर परत येत नाही. घाटात चढावर गाडी थांबली, पुन्हा निघायचे आहे, मागे एसटी उभी आहे. तिथे हँडब्रेक नसलेला चालक काय करतो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिवाय पायाचा ब्रेक तेलाअभावी गेला तर तारेवर चालणारा हा एकच ब्रेक उरतो.

तेव्हा रोज वापरावा. दुकानापुढे, सिग्नलला, चढावर, दिवसभराच्या थांब्याला. वापरायचा नाही तो फक्त एका वेळी : ब्रेक ओले आहेत, जागा सपाट आहे आणि गाडी उद्यापर्यंत किंवा त्याहून जास्त हलणार नाही. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आधी पायाचा ब्रेक दाबून इंजिन बंद करावे, गिअर टाकावा, मग ब्रेक हळू सोडून गाडीचा भार गिअरवर येऊ द्यावा. जुन्या इंजिनचे कॉम्प्रेशन कमी झालेले असते, त्यामुळे गिअरमध्ये असूनही गाडी इंच-इंच सरकू शकते. दगड त्यासाठी.

उतार असेल तर मात्र तिन्ही हवेत : हँडब्रेक, गिअर आणि दगड. सकाळी ब्रेक अडकला तर अडकू दे, तो सोडवता येतो. पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावीत, दरीच्या बाजूला कधीही नाही. मढे घाटाला पावसाळी धबधबा पाहायला येणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्या रस्त्याच्या कडेला जशा उभ्या केलेल्या असतात, त्यात यातले एकही पाळलेले दिसत नाही.

गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचा एक धोका आहे आणि तो ठोकळ्यापेक्षा कमी बोलला जातो. सकाळी दुसऱ्याच कोणी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली तर गाडी उडी मारते. जुन्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये अशी सोय बहुधा नसते. घरात गाडी दोघे-तिघे चालवत असतील तर ही सूचना स्टिअरिंगवर चिकटवून ठेवावी. मामांनी खडूने दारावर लिहिली, पहिल्याच पावसात पुसली गेली.

आणखी दोन सवयी. ओढ्यातून गाडी काढली किंवा धुतली, की पुढचे काही अंतर हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवावा. घर्षणाने ड्रम कोरडा होतो. आणि पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, मागचे दोन्ही ड्रम उघडून साफ करून घ्यावेत, केबलच्या रबरी टोप्या पाहाव्यात. लिव्हर जवळजवळ शेवटपर्यंत वर येत असेल तर तार ताणली गेली आहे किंवा लायनर झिजले आहे. तार मुळातच अडत असेल तर तेलपाणी करून काही महिने ढकलण्यापेक्षा नवी घालावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२६ सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या वाहनाबद्दल आहे. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवे आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असा दुसरा उपाय केलेला हवा, असा त्याचा आशय आहे. त्या ‘किंवा’मध्ये गिअर आणि ठोकळा बसतात. मात्र केबल काढून टाकलेली गाडी त्यात बसत नाही. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झालेली खासगी मोटार पुढे चालवायची तर तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या तपासणीत ब्रेक हा काही किरकोळ मुद्दा नव्हे.

राहिला दगड. चाकाला लावलेला दगड निघताना तिथेच सोडून जाण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ट्रकवाले सोडतात, वडापवाले सोडतात, सहलीला आलेले तर सोडतातच. वेल्ह्याच्या रस्त्यावर पावसाच्या रात्री, धुक्यात, तो दगड दुचाकीवाल्याला चाकाखाली आल्यावरच दिसतो. स्वतःची गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी ठेवलेल्या वस्तूने दुसऱ्याचा हात मोडावा, याला कसली काळजी म्हणायची? जीपवाल्या काकांकडे बाभळीचा तिरका कापलेला ठोकळा आहे. त्याला भोक पाडून सुंभाची दोरी ओवली आहे आणि दोरीचे दुसरे टोक चालकाच्या दाराच्या हँडलला बांधलेले असते. दार उघडताना दोरी हातात येतेच, त्यामुळे ठोकळा विसरत नाही. मामांनी तसाच एक करून घेतला, केबल नवी घातली, आणि या जूनमध्ये गाडी अंगणाच्या उतरत्या कोपऱ्यातून काढून गोठ्याशेजारच्या सपाट, पत्र्याखालच्या जागेत आणली.